बदलीवर आलेला मासा

परप्रांती नोकरी करणाऱ्या माणसाकडे आप्तेष्टांच्या मागण्या येत असतात. म्हैसूरची रेशमी साडी, चंदनाचा साबण, कॉफीची पूड या मागण्या बंगळूरातील प्रत्येक मराठी बिऱ्हाडाच्या अंगवळणी पडल्या आहेत. परंतु गेल्या पावसाळ्यात आमच्या मावसबंधूंनी अमेरिकेहून जी मागणी केली, ती आम्हांस सर्वस्वी नवी होती. हे आमचे दादा गेली बरीच वर्षे मिशिगन सरोवराच्या काठी स्थायिक झालेले आहेत. नाताळच्या सुटीत चिरंजीवांसह इकडे येण्याचा त्यांचा मनोदय होता. दूरध्वनीवर ते म्हणाले, "अरे, आमच्या मुलाला सामन माशाचा भारी नाद. दर वर्षी सरोवरावर नाव घेऊन जातो आणि दिवसभर गळ टाकून बसतो. तुमच्याकडे एखादे मोठे तळे बघून ठेव. नाव, परवाना, मुक्काम, सगळा बेत आखून कळव. तू सरकारातला माणूस, तुला काय अवघड?"

सरकारातला माणूस म्हणजे केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून, हे दादांस ठाऊक आहे. पण थोरल्या भावापुढे असा खुलासा करण्याची आमच्या घरी रीत नाही. आम्ही "बरे" म्हणालो आणि इंदिरानगरातील आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात त्याच रात्री एक कोरी वही काढून तीवर रकाने आखले : तळे, मासा, परवाना, वाहन, खर्च. कारकुनाला कोणताही बेत रकान्यांवाचून सुचत नाही. हा लेख त्या वहीतूनच जन्मास आला. बेत एका पानाचा व्हावयाचा होता. परंतु दुसऱ्याच रकान्याशी आम्ही अडलो आणि तो रकाना भरता भरता आठशे-नऊशे वर्षांचा इतिहास चाळावा लागला.

पहिला रकाना तळ्याचा. आमच्या घरापासून सर्वांत जवळचे मोठे तळे हलसूरचे. सकाळी फिरावयास जाणाऱ्यांना ते दुरून रमणीय दिसते, पण २०१६ च्या मार्च महिन्यात त्याच तळ्यात हजारो मासे मरून काठाशी तरंगत आले होते. तेथे पाहुण्यास गळ टाकावयास लावणे म्हणजे आतिथ्याचा उपमर्द. बंगळूरची जुनी तळी ही मुळी नदीवाचून वसलेल्या नगराने पावसाचे पाणी अडवून केलेली तरतूद होय. ती तरतूद अपुरी पडू लागली आणि १९७४ साली कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून उपसून या शहरात आणण्यात आले. इंदिरानगरातील नळाला आज जे पाणी येते ते कावेरीचे. तेव्हा माशाचा शोधही कावेरीकडेच जाणार हे ओघाने आले. म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर हे विस्तीर्ण जलाशय त्याच नदीवर आहे. १९११ साली त्याचे काम सुरू झाले आणि विश्वेश्वरय्यांच्या नावाशी ते कायमचे जोडले गेले. पहिल्या रकान्यात आम्ही "कावेरी" असे लिहिले आणि दुसऱ्याकडे वळलो.

दुसरा रकाना माशाचा. येथे दादांचा सामन आम्हांस सापडेना. अस्सल सामन हा थंड पाण्याचा जीव. तो नदीच्या उगमाकडील खडकाळ पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्मनदीत चढून येतो. आपल्या दक्षिणेतील उष्ण पाण्यात तो जगत नाही. येथील उपाहारगृहांच्या पत्रकांत "इंडियन सामन" असे नाव वाचून आम्हांस क्षणभर आशा वाटली होती. पण ताटलीत आला तो आपला कोकणचा रावस. रावस हा उत्तम मासा यात शंका नाही, परंतु त्याचे आणि सामनाचे गोत्र एक नव्हे. परक्या मुलखात आलेल्या माणसाला जे दिसेल त्याला घरच्या वस्तूचे नाव देण्याची ओढ असते. इंग्रजांनी रावसाला सामन म्हटले ते याच ओढीपोटी. आणि त्याच ओढीने त्यांनी हे नाव आणखीही एका माशाला दिले. तो मासा म्हणजे महसीर.

महसीर हा नदीतला मासा. मोठमोठ्या खवल्यांचा, सोनेरी-रुपेरी अंगाचा, वाहत्या आणि खळाळत्या पाण्यात राहणारा. कुळाने तो रोहू-कटल्याच्या बाजूचा आहे. पावसाळ्यात नद्या फुगल्या म्हणजे तो प्रवाहाविरुद्ध चढत वरच्या उपनद्यांत अंडी घालावयास जातो. गळाला लागल्यावर तो ज्या त्वेषाने दोरी ओढून नेतो, त्याची वर्णने इंग्रज अधिकाऱ्यांनी मोठ्या चवीने लिहून ठेवली आहेत. मद्रास इलाख्याच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन टॉमस हा त्यांचा अग्रणी. दक्षिण कानडा जिल्ह्यात कामावर असताना त्याने हिंदुस्थानातील गळाच्या मासेमारीवर एक ग्रंथ लिहिला आणि तो १८७३ साली मंगळूरात छापून प्रसिद्ध झाला. सारख्याच आकाराचे दोन मासे घेतले तर महसीर हा सामनापेक्षा अधिक झुंज देतो, असा त्याचा निर्वाळा होता. घरापासून हजारो कोस दूर, बदलीच्या गावी, कचेरीचे काम आटोपून नदीकाठी जाऊन बसणारा हा अधिकारी आम्हांस अगदी परका वाटला नाही.

महसीरावर सर्वच साहेबांचे समाधान झाले नाही. काहींना घरचाच मासा हवा होता. सामनाचा भाऊबंद जो ट्राउट, त्याची अंडी विलायतेहून आणून निलगिरीत रुजविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. माशांच्या शास्त्राचा मोठा पंडित फ्रान्सिस डे हाही त्या खटाटोपात होता. अनेक अपयशांनंतर १९०७ च्या सुमारास निलगिरीतील अवलांची येथे ट्राउटची पैदास साधली. निलगिरीच्या थंड ओढ्यांत आज जो ट्राउट आहे तो या हट्टाचा वारस होय.

परंतु गळ टाकून मासे पकडण्याचा शौक या भूमीवर इंग्रजांनीच आणला, असा समज कोणी करून घेऊ नये. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने कोणते विनोद करावेत हे सांगताना त्यात 'मत्स्यविनोद' असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातील आणि नदीतील मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे, असे वर्ग पाडून त्यात सुमारे ३५ प्रकारचे मासे सांगितले आहेत. कोणत्या माशास कोणते आमिष आवडते, पाण्यात खाद्य टाकून त्यांना एका जागी कसे जमवावे, काठी आणि दोरी कशी असावी, हे सारे त्यात आहे. विख्यात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शास्त्रज्ञांचे तिकडे लक्ष वेधले. मराठी भाषेच्या अगदी जुन्या नमुन्यांसाठी आपले अभ्यासक ज्या ग्रंथाकडे जातात, तोच हा ग्रंथ. आणि तो रचला गेला कर्नाटकातील कल्याणीस. माशाच्या निमित्ताने कानडी-मराठी मुलखाचा हा जुना शेजार आम्हांस पुन्हा एकदा आठवला.

आता आमच्या गोष्टीतील खरा मराठी मासा येतो. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबईच्या लष्करातील अधिकारी. मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी गोळा करण्यासाठी १८२४ मध्ये त्याची नेमणूक केली. माणसे, पिके, हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्याने पक्ष्यांच्या आणि माशांच्याही नोंदी घेतल्या. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास विलायतेत प्रसिद्ध झाला. त्याची एक गोष्ट आम्हांस फार आवडली. माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने अनेक ठिकाणी लॅटिन कोश न उघडता भीमा-मुठेच्या काठचे कोळी त्या माशाला जे म्हणत तेच नाव रोमन अक्षरांत उतरवून घेतले. शिंगटी हे नाव अशा रीतीने शास्त्रात गेले. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीराला त्याने 'खुद्री' म्हटले आणि आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्या माशाला 'टॉर खुद्री' या नावानेच ओळखतात. त्याच्या परांवर निळसर झाक असते. आणखी एका माशाला त्याने 'मुसल्ला' असे नाव दिले. हे दुसरे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

या खुद्रीचा महाराष्ट्रात मान मोठा. देहूस इंद्रायणीच्या डोहात त्याला देवाचा मासा मानीत. महाडजवळ वाळणकोंड येथे वरदायिनीच्या डोहात आजही लोक त्याला खाऊ घालतात आणि पकडीत मात्र नाहीत. परंतु डोहाबाहेर त्याला असे अभय नव्हते. नद्यांवर धरणे झाली, अंडी घालावयास वर जाण्याच्या त्याच्या वाटा बंद झाल्या, सुरुंगाने मासे मारण्याची दुष्ट चाल पसरली आणि महसीर दुर्मिळ होत चालला. अशा वेळी त्याच्या मदतीस आली ती लोणावळ्याची तळी. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर जे जलाशय बांधले, त्यांपैकी वळवणच्या जलाशयाकाठी १९७० नंतर महसीराची पैदास करण्याचे केंद्र उभे राहिले. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी खुद्रीच्या मादीची अंडी हाताने काढून, ती फलित करून, पिले वाढविण्याची रीत बसविली. महसीराची अंडी थोडी आणि नाजूक. त्यांना सतत वाहते, स्वच्छ पाणी लागते. ही रीत बसविणे हे चिकाटीचे काम होते आणि त्याचा अभिमान मराठी माणसाने बाळगावा असेच ते आहे.

पिले भरपूर होऊ लागली, तेव्हा ती अन्य राज्यांनाही देण्यात आली. १९७६ साली कर्नाटकाच्या मत्स्यखात्यास अशी पिले मिळाली आणि ती कावेरीत सोडण्यात आली. पुढेही हा क्रम चालू राहिला. येथपर्यंत वहीत लिहून आम्ही थांबलो, तेव्हा मनात एक कौतुक दाटले होते. आमच्यासारखाच हा मासा! लोणावळ्याहून निघाला, शासकीय पत्रव्यवहाराने कर्नाटकात रुजू झाला आणि येथेच रमला. दादांना आता लिहावे, "सामन नाही, पण आपल्याकडचा महसीर कावेरीत आहे, या."

परंतु पुढची पाने वाचली आणि ते कौतुक मावळले.

कावेरीत पूर्वीपासून एक महसीर होताच. तो खुद्री नव्हे. त्याच्या पाठीवर मानेमागे उंच कुबड, परांवर नारिंगी रंग, आणि आकार असा, की सगळ्या जगातील महसीरांत त्याला तोड नाही. कावेरीकाठचे लोक महसीराला बिळिमीनु, म्हणजे पांढरा मासा, म्हणतात. १९१९ साली कर्नल रिव्हेट-कार्नॅक याने कावेरीत ११९ पौंडांचा महसीर पकडला. २२ मार्च १९४६ रोजी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी कावेरीची उपनदी जी कबिनी, तीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा मासा गळाने काढला. हा उच्चांक समजला जातो. असा हा कावेरीचा मूळ रहिवासी.

त्याचे दुर्दैव असे, की त्याला शास्त्रात पक्के नाव नव्हते. शंभर वर्षे साहेबांनी त्याला पकडले, त्याची छायाचित्रे काढली, त्याची मस्तके भिंतींवर लावली. पण तो नेमका कोण याची खातरजमा कोणी केली नाही. पुष्कळ काळ त्याला साइक्सचे 'मुसल्ला' हे नाव चिकटविण्यात आले होते. ते नाव वस्तुतः वेगळ्याच कुळीच्या माशाचे निघाले. म्हणजे कावेरीच्या माशाला आपण प्रथम दख्खनचे नाव दिले आणि नंतर त्याच्या घरात दख्खनचा मासा आणून सोडला. ज्याची दप्तरात नोंद नाही त्याचा हक्क कोण विचारणार? महसीर तो महसीर, असे समजून पिले सोडण्यात आली. सोडणाऱ्यांचा हेतू निखालस चांगला होता.

पुढे काय घडले ते ज्या साधनावरून उघडकीस आले, ते वाचून आमच्यातला कारकून मात्र सुखावला. कावेरीवर गाळिबोरे येथे गळकऱ्यांची एक छावणी होती. तेथे मासा पकडावा, तोलावा आणि जिवंत परत सोडावा असा नियम होता. आणि कोणी, कोणत्या दिवशी, कोणता, केवढा मासा पकडला याची नोंद वहीत होत असे. १९९८ पासून २०१२ पर्यंतच्या या नोंदी पिंडर, राघवन आणि ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या परांच्या खुद्रीची संख्या सतत वाढत होती. कुबडाच्या महसीराची संख्या घटत होती; आणि जे थोडे सापडत ते आकाराने मोठमोठे होत चालले होते. वरवर पाहता मोठे मासे सापडणे ही चांगली खूण वाटेल. परंतु तिचा अर्थ भयंकर होता. म्हातारे तेवढे उरले होते. लहान पिलेच निपजत नव्हती. ज्या वाड्यात केवळ वृद्धच दिसतात आणि पाळणा हलत नाही, त्या वाड्याचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी लागत नाही.

या ऱ्हासाचा सगळा दोष खुद्रीच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. धरणे, वाळूचा उपसा, सुरुंग आणि विष यांनीही कावेरीचे नुकसान केले आहे. परंतु परक्या महसीराची पिले सोडणे हे त्यांतील एक प्रमुख कारण असावे, असा संशोधकांचा कौल आहे. अखेर २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की कुबडाचा महसीर म्हणजे केरळातील पांबार या कावेरीच्याच उपनदीतून पूर्वी वर्णिलेला 'टॉर रेमादेवी' होय. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमा देवी यांच्या गौरवार्थ ते नाव दिलेले आहे. त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. नाव मिळाले आणि त्याबरोबरच मरणपंथास लागल्याचा दाखलाही मिळाला. मोयार नदीच्या जंगलातील पाण्यात त्याचा थोडा वंश शिल्लक आहे.

गंमत अशी, की ज्या सामनासाठी हा सारा खटाटोप, तो दादांचा सामनही मिशिगन सरोवराचा मूळ रहिवासी नव्हे! कालव्यांच्या वाटेने सरोवरांत शिरलेल्या लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक जीवाने, आणि बेसुमार मासेमारीनेही, तेथील मूळचा मोठा मासा, लेक ट्राउट, १९५० च्या दशकात नाहीसा झाला. त्याला खाऊन राहणारा कोणी उरला नाही, तेव्हा समुद्राकडून आलेला एलवाइफ नावाचा लहान मासा इतका माजला, की १९६७ साली शिकागोच्या किनाऱ्यावर त्याच्या मृत देहांचे ढीग लागले. त्याला आवर घालण्यासाठी हॉवर्ड टॅनर या मिशिगन राज्याच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने १९६६ साली प्रशांत महासागराकडील कोहो सामनाची पिले तेथे सोडण्यात आली. तो प्रयोग गाजला आणि त्यातूनच तेथील गळकऱ्यांची जत्रा सुरू झाली. तोही मासा बदलीवर गेलेलाच! पण दोन बदल्यांत अंतर आहे. मिशिगनात मोठ्या माशाची जागा रिकामी झाली होती. कावेरीत ती रिकामी नव्हती. तेथे बसलेला इसम केवळ आपल्या यादीत नव्हता.

हे सर्व वहीत उतरवून झाल्यावर तिसरा रकाना भरणे सोपे होते. कावेरीचा जो पट्टा महसीरासाठी प्रसिद्ध, तो १९८७ पासून अभयारण्यात मोडतो, आणि अभयारण्यातील गळाची मासेमारी वन्यजीवांच्या कायद्याखाली आता बंद झालेली आहे. तेव्हा परवान्यापुढे आम्ही "नाही" असे लिहिले. एक हळहळ मात्र तेथेच टिपून ठेवली. गळकरी गेले, त्याबरोबर त्यांच्या वह्याही गेल्या. नदीत आता कोण उरले हे रोजच्या रोज लिहून ठेवणारे कोणी राहिले नाही.

दादांना दूरध्वनी केला आणि ही सारी हकीकत सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आपलाच मासा आणि आपलीच चूक?" आम्ही म्हणालो, "चूक म्हणू नका, दादा. चौकशी अपुरी पडली, एवढेच." कचेरीची भाषा तोंडात बसली की अशी बाहेर येते. पण नंतर वाटले, की दादांचाच शब्द अधिक खरा होता. लोणावळ्यास ज्यांनी रात्री जागून नाजूक अंडी जतन केली त्यांचे श्रम खोटे नव्हते. त्यांनी आपल्या नद्यांचा मासा वाचविला. तोच मासा दुसऱ्याच्या नदीत पाठविताना तेथे आधीपासून कोण राहतो, हे विचारावयाचे राहून गेले. हा प्रश्न माशापुरता नाही. आम्ही बदलीवर आलेली माणसे ज्या गावी जातो, तेथील माणसाला त्याचे खरे नाव विचारतो, की आमच्याकडचे एखादे नाव त्याला चिकटवून मोकळे होतो? इंदिरानगरात आम्हांस सात वर्षे झाली. बिळिमीनु हा शब्द आम्ही या वहीच्या निमित्ताने प्रथम शिकलो, आणि तोही आमच्या दूधवाल्याला विचारून त्याचा उच्चार नीट केला.

बेत अखेर ठरला तो असा. हासन जिल्ह्यात कावेरीच्याच काठी रामनाथपूर म्हणून क्षेत्र आहे. तेथील देवळापाशी नदीतील मासे देवाचे मानून राखलेले आहेत. गळ नाही, परवाना नाही. पहाटे इंदिरानगरातून निघावे, दोन प्रहरी पोहोचावे, दर्शन घ्यावे, घाटाच्या पायऱ्यांवर बसून माशांना खाऊ घालावे आणि परांचे रंग निरखावेत. सौभाग्यवतींनी खर्चाच्या रकान्यात "चुरमुरे, दोन शेर" असे आपल्या हाताने लिहिले आहे. दादांच्या चिरंजीवांस हा बेत कितपत रुचेल हे सांगवत नाही; परंतु त्यांनी एक गोष्ट विचारून घेतली, ती ऐकून आमचा जीव निवला. त्यांनी विचारले, "काका, तिथे कोणते मासे दिसले, ते मी वहीत लिहू का?"

त्यांच्यासाठी एक कोरी वही आणून ठेवली आहे.